मागचं डावं दार

ही गोष्ट खरी आहे. तुम्ही म्हणाल, सगळेच असं म्हणतात. म्हणोत बापडे. मी देवासला एका कारखान्यात क्वालिटीत आहे, बावीस वर्षं झाली. एखादा पार्ट खराब निघाला की तो का खराब निघाला, हे मुळापासून शोधायचं, हेच माझं काम. भुताखेतांच्या गोष्टी मी आजवर फक्त वाचल्या, आणि खाली कॉमेंटमध्ये लिहिणाऱ्यांची टिंगलही केली.

आता माझी पाळी आहे.

ही गोष्ट रात्रीची नाही. अमावास्या नाही, सुनसान रस्ता नाही. नोव्हेंबरातला शेवटचा रविवार होता, तुळशीचं लग्न नुकतंच झालं होतं. सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती. गेटाशी माझी गाडी उभी होती, काचेवर दव होतं, आणि मी हातात फोन घेऊन तिच्या शेजारी उभा होतो.

त्या गाडीत काहीही बिघाड नव्हता.

तेवढं एक लक्षात ठेवा...

त्या दिवशी माझ्या मुलीचा, रुचाचा साखरपुडा होता. दुपारी बारा वाजता, देवासलाच, आमच्या घराजवळच्या हॉलमध्ये. मी सकाळी सहाला निघून धारहून माझ्या आत्याला घेऊन यायचं, असं महिनाभर आधी ठरलेलं होतं. जायला अडीच तास, यायला अडीच तास.

आत्याचं नाव विद्युल्लता. धारच्या शाळेत तिने पस्तीस वर्षं संस्कृत शिकवलं. मूलबाळ नव्हतं. तिचे यजमान जाऊन अठरा वर्षं झाली होती. अकरावी-बारावी मी तिच्याकडे राहून केली. आई-वडील गेल्यावर आमच्या घराला मोठं माणूस म्हणून तीच होती.

गाडीत बसायची तिला भारी हौस. जागा ठरलेली, मागे डावीकडे, खिडकीशी. गुडघे गेलेले, त्यामुळे बसायला वेळ लागायचा. आधी आडवी टेकायची. मग हाताने धरून एक पाय आत, मग दुसरा. मग पदर गोळा करायची, आणि "हं" म्हणायची. तिने "हं" म्हटलं की आपण दार लावायचं.

मी त्या सकाळी सहाला निघालो नाही.

का निघालो नाही, ते सांगतो. लाज वाटते, पण सांगतो. चार दिवस आधी रुचाच्या होणाऱ्या सासऱ्यांचा फोन आला होता. बोलता बोलता ते म्हणाले, सगळं रीतीप्रमाणे होऊ द्या. एवढंच. त्यांच्या मनात काय होतं देव जाणे, बहुतेक जेवणाच्या पंगतीबद्दल बोलत असतील. पण माझ्या डोक्यात किडा शिरला. स्टेजवर ओटी भरायची असते, पाटावर बसवायचं असतं, सगळ्या सवाष्णी पुढे येतात. आत्या घरातली मोठी म्हणून पुढे बसणार. आणि आत्या विधवा. ती मंडळी इंदूरची, जुन्या वळणाची. कोणी नाक मुरडलं तर? मुलीच्या सासरी पहिल्याच दिवशी बोलायला जागा नको.

मला कोणी काही सांगितलं नव्हतं. कोणी सुचवलंही नव्हतं. हे सगळं माझं मीच ठरवलं.

मी आत्याला फोन लावला. तिने पहिल्याच रिंगला उचलला. म्हणाली, मी पाचपासून तयार आहे, तू निघालास ना?

मी म्हटलं, आत्या, गाडी सुरूच होत नाहीये.

ती म्हणाली, अरे देवा. काय झालं?

आता खोटं बोलायचं तर ते क्वालिटीवाल्याने कसं बोलावं? तपशिलासकट. मी म्हटलं, बटण दाबलं की इंजिन तीनदा थरथरतं आणि बंद पडतं. समोरच्या स्क्रीनवर मेसेज येतो. मधूनच येतो, मधूनच जातो.

"काय मेसेज येतो?" तिने विचारलं. शिक्षिकाच ती, नेमकं विचारायची सवय.

मी त्या क्षणी जे सुचलं ते सांगितलं. "चेकिंग सिस्टिम, प्लीज वेट."

असा कुठलाही मेसेज नव्हता. मी गेटाशी उभ्या उभ्या तयार केला होता.

ती म्हणाली, मग मी बसने येऊ का? मी म्हटलं, नको, तुझे गुडघे, इंदूरला बस बदलावी लागते, गर्दी असते.  ती म्हणाली, "बरं. घाई करू नकोस. मी थांबते."

मी फोन ठेवला. आत जाऊन बायकोला, मधुवंतीला, आणि रुचाला सांगितलं की आत्या येत नाही म्हणते, तिला बरं वाटत नाहीये.

रुचाचा चेहरा पडला. आठवड्यापूर्वी आत्याने तिला फोनवर म्हटलं होतं, माझ्या लग्नातला शालू साखरपुड्याला नेस. रुचा हसली होती. म्हणाली होती, आजी, वो तो फट जाएगा, मी लेहंगा बुक केलाय. आता ती माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, धारची आजी माझ्यावर रुसली का?"

मी म्हटलं, छे ग.

आणि त्याच गाडीत बसून आम्ही हॉलवर गेलो. एका बटणात सुरू झाली.

हॉलवर शार्दूलच्या, म्हणजे आमच्या जावयाच्या, आईने आल्या आल्या विचारलं, धारच्या आत्याबाई कुठे आहेत? त्यांच्याकडे साखरेचा पुडा आधी मुलीच्या घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईच्या हातात देतात, मग मुलीच्या. शार्दूलची आजी, आजोबा गेल्यावरही, घरातलं प्रत्येक कार्य पुढे बसून करायची. आत्यासाठी त्यांनी वेगळी साडी आणली होती, मऊ सुती, वयस्कर बाईला टोचणार नाही अशी बघून.

मी त्यांनाही सांगितलं, तब्येत बरी नाही.

ती साडी मी घेतली आणि गाडीच्या डिकीत ठेवली.

नंतरच्या आठ दिवसांत आत्याचे पाच फोन आले. प्रत्येक वेळी आधी रुचाचं विचारायची आणि मग गाडीचं. दाखवलीस का? काय म्हणाला मेकॅनिक? मी रोज खोट्याला नवीन ठिगळ लावत होतो. बॅटरी बदलली, पण फरक नाही. प्लग बदलले, पण फरक नाही. मधूनच होतं, मेकॅनिकसमोर होत नाही. ती म्हणाली, फार त्रास देतेय रे तुला ती गाडी.

नवव्या दिवशी आत्या गेली. झोपेतच.

अग्नी मी दिला.

तेराव्याला तिच्या शेजारच्या इरावतीबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. त्या काही टोचून बोलायला आल्या नव्हत्या, आठवणी सांगत होत्या. म्हणाल्या, "साखरपुड्याच्या दिवशी बाई ओसरीवर खुर्ची टाकून बसून होत्या, पोपटी रेशमी नेसून, पिशवी मांडीवर. मी म्हटलं, आत चला, जेवून घ्या. तर म्हणाल्या, गाडी सुरू झाली की शरद निघेलच, मी आत असले तर त्याला हॉर्न वाजवत बसावं लागेल. दिवेलागणीला उठल्या."

मी वर बघितलं नाही. समोरच्या पानावर वडा होता, तो मी कुस्करत राहिलो.

इथपर्यंत माझं पाप. इथून पुढे जे झालं त्याला काय म्हणायचं, ते तुम्ही ठरवा.

जानेवारीत लग्नाचा बस्ता बांधायला इंदूरला निघालो. मी, मधुवंती, रुचा. सकाळचे दहा वाजले होते. मी बटण दाबलं.

इंजिन थरथरलं... एकदा... दोनदा... तीनदा.

बंद.

समोरचा स्क्रीन काळा झाला. मग निळी अक्षरं उमटली.

चेकिंग सिस्टिम. प्लीज वेट.

 मधुवंती शेजारून म्हणाली, "हे काय नवीन? किती वेट करायचं?" म्हणजे तिलाही दिसत होतं. मला भास झाला, असं म्हणायची सोय नव्हती.

पाच-सात वेळा बटण दाबल्यावर गाडी कशीबशी सुरू झाली. 

दुसऱ्या दिवशी गाडी सर्व्हिस सेंटरला दिली. त्यांनी लॅपटॉप लावला, सगळं तपासलं. बिघाडाचा एकही कोड नाही. मी मेसेजचे शब्द सांगितले, तर त्या मॅनेजरने मॅन्युअल उघडून माझ्यासमोर ठेवलं. येणाऱ्या सगळ्या सूचनांची यादी होती. म्हणाला, सर, असा मेसेज या गाडीत येऊच शकत नाही, हे वाक्यच यात नाही.

मला माहीत होतं. माझ्याइतकं दुसऱ्या कोणाला माहीत असणार?

तरी मी धडपड सोडली नाही. बॅटरी बदलली. फरक नाही. प्लग बदलले. फरक नाही. मधूनच होतं, मेकॅनिकसमोर होत नाही... आत्याला फोनवर जे जे सांगितलं होतं, त्याच क्रमाने मी ते सगळं करत चाललो होतो. हे तिसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं. त्या दिवशी मी ऑफिसमधून लवकर घरी आलो आणि पांघरूण घेऊन पडलो.

शेवटी गोलूकडे गेलो. गोलू आमच्या भागातला जुना मेकॅनिक. पन्नाशीचा आहे, डोक्याला टक्कल, पण सगळे गोलूच म्हणतात. तो म्हणाला, "भिया, मधूनच येणारा फॉल्ट दिखता नी है, उसको पकड़ना पड़ता है. तारीख लिखो. कहाँ जा रे थे, कौन बैठा था, गाड़ी ठंडी थी के गरम. सब लिखो."

मी लिहायला लागलो. हे तर माझंच काम.

दीड महिन्यात पस्तीस-चाळीस नोंदी झाल्या. एका संध्याकाळी मी त्या तक्त्याकडे बघत बसलो. थंड-गरम याचा संबंध नव्हता. पेट्रोल कमी-जास्त, त्याचाही नव्हता. ऑफिसला जाताना एकदाही नाही. भाजी आणायला एकदाही नाही. पत्रिका ठरवायला गेलो तेव्हा. सोनाराकडे गेलो तेव्हा. रुचाच्या मामाकडे केळवण होतं तेव्हा.

रुचाच्या लग्नाचं काही असलं, की तेव्हाच.

तो कागद मी गोलूला दाखवला नाही. घडी घालून फाडून टाकला.

गुढीपाडव्याच्या दिवशी दुसरं केळवण होतं. मी गोलूला मुद्दाम घरी बोलावलं, म्हटलं आज नक्की होईल. त्याने विचारलं, आज ही क्यों? मी गाडीत जाऊन बसलो.

झालं. तीनदा थरथर, मग निळी अक्षरं. गोलू पहिल्यांदा आपल्या डोळ्यांनी बघत होता. बराच वेळ तो वाकून त्या स्क्रीनकडे बघत राहिला. मग म्हणाला, मागच्या सीटखालून एक वायर जाते, ती बघू. त्याने मागचं डावं दार उघडलं. सीटखाली हात घातला, टॉर्च मारली. मग उठला, पाना आणायला त्याच्या स्कूटरपर्यंत गेला. दार उघडंच होतं.

मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसलो होतो. गाडीत दुसरं कोणी नव्हतं.

आणि गाडी मागून... डाव्या बाजूला... किंचित खाली बसली.

जोरात नाही. हलकं माणूस टेकलं की बसते, तेवढीच. मग थोडी हलली. मग आणखी एकदा थोडी हलली. एक पाय... दुसरा पाय...

मी आरशात बघितलं नाही. आजवर कधीच बघितलेलं नाही.

गोलू परत आला, त्याने दार लावलं, म्हणाला, मारो सेल्फ. मी बटण दाबलं. गाडी एका झटक्यात सुरू झाली.

गोलू खूश. म्हणाला, दरवाज्याच्या स्विचचा लूज कॉन्टॅक्ट आहे. दार उघडून लावलं की सुरू होईल. त्याने स्विच बदलला. त्यामुळे काही फरक पडला नाही, पण युक्ती मात्र लागू पडायची. लग्नाच्या कामाला निघालं, की मागचं डावं दार उघडायचं, लावायचं, मग बटण. घरच्यांना त्याची सवयही झाली. मधुवंती म्हणायची, तुमच्या गाडीचे चोचले फार.

फक्त एक गोष्ट मी कोणाला सांगितली नाही. दार उघडून लगेच लावलं तर चालत नसे. थांबावं लागायचं. गाडी खाली बसेपर्यंत, दोनदा हलेपर्यंत. मग आणखी थोडं, पदर गोळा करण्याइतकं. त्याच्या आत लावलं, की तीच निळी अक्षरं.

"हं" मात्र कधी ऐकू आलं नाही. मी दरवेळी कान देऊन उभा राहायचो.

इकडे रुचा दिवसेंदिवस गप्प होत चालली होती. धारहून आत्याचं सामान आणलं, त्यात तो शालू होता. कुंकवाच्या रंगाचा, काठ थोडे विरलेले. रुचाने तो रफू करून घेतला. म्हणाली, लग्नात हाच नेसणार. एक दिवस स्वयंपाकघरात माझ्याजवळ आली आणि रडायलाच लागली. म्हणाली, "बाबा, आजी माझ्यामुळे आली नाही. मी तिच्या साडीला हसले म्हणून आली नाही. आणि मग गेलीच. सॉरी म्हणायलासुद्धा चान्स नाही मिळाला."

एक वाक्य होतं. ती यायला तयार बसली होती, मीच आणलं नाही. बास, एवढंच बोलायचं होतं. पोरीच्या मनावरचं ओझं तिथल्या तिथे उतरलं असतं.

ते माझ्या घशापर्यंत आलंही. पण मग ती माझ्याकडे कशी बघेल, ते डोळ्यांपुढे आलं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, असं मनाला लावून घ्यायचं नाही.

लग्न एप्रिलात. मुहूर्त सकाळी अकरा वाजून चार मिनिटांचा. साडेनऊला घरातून निघायचं होतं. गाडीला झेंडूच्या माळा लावल्या होत्या. रुचा शालू नेसून, मुंडावळ्या बांधून मागे बसली. डाव्या बाजूलाच बसली. मधुवंती पुढे. गेटाबाहेर पंधरा-वीस माणसं उभी होती.

बटण दाबलं... थरथर... निळी अक्षरं.

मी खाली उतरलो, वळसा घालून गेलो आणि मागचं डावं दार उघडलं. रुचाला म्हटलं, बाळा, जरा आत सरक.

ती सरकली. मी दार धरून उभा राहिलो. मंडळी बघत होती. कोणीतरी हसलं, कोणीतरी म्हणालं, काका, मुहूर्त टळेल ना. मी उभाच.

रुचाने मान वर केली. "कोण यायचंय, बाबा?"

अशी वेळ माणसाला पुन्हा मिळत नाही. दार उघडं होतं, सगळे जवळचे होते, आणि पोरीने स्वतःहून विचारलं होतं.

मी म्हटलं, "कोणी नाही ग. लॉक अडकतंय जरा."

गाडी हळूच खाली बसली. दोनदा हलली. रुचाने शालूचा घोळ एकदम आपल्याकडे ओढून घेतला, कोणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून घेतात तसा. मग तिचं तिलाच आश्चर्य वाटल्यासारखं ती शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघायला लागली.

मी दार लावलं.

हॉलवर पोचल्यावर रुचा उतरली, तशी गाडी वर उचलली गेली. ती दोन पावलं चालली. मग गाडी पुन्हा एकदा, थोडीशी, वर उचलली गेली.

त्या दिवसापासून माझी गाडी ठणठणीत आहे. आज सहा महिने झाले. एकदाही थरथरली नाही, एकदाही मेसेज आला नाही. गोलू म्हणतो, देखा, स्विच ही था.

मीही तसंच समजून चाललो होतो. मागच्या महिन्यापर्यंत.

मागच्या महिन्यात इंदूरहून रुचाचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली आणि मग म्हणाली की त्यांच्या गाडीला काहीतरी झालंय. शार्दूलची गाडी वेगळ्या कंपनीची, बटणाची नाही, किल्लीची. सकाळी सुरू करताना तीनदा थरथरते आणि बंद पडते. पुढे स्पीडचे काटे असतात तिथे तसाच एक मेसेज येतो. शार्दूलने दोन ठिकाणी दाखवली. कोणाला काही सापडत नाही. मग तिला आमच्या गाडीची युक्ती आठवली. मागचं दार उघडून लावलं, की सुरू होते.



तिने विचारलं, "बाबा, तुमच्या गाडीत काय फॉल्ट निघाला होता शेवटी?"

मी म्हटलं, बॅटरीचं टर्मिनल लूज असेल, बघून घ्या.

 ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "बाबा, हसू नका. मुझे लगता है, आजी आहे ती. माझ्यावरचा राग अजून गेला नाहीये तिचा. मी रोज सॉरी म्हणते."

रोज. लग्न होऊन सहा महिनेही न झालेली माझी पोरगी, रोज सकाळी गाडीचं दार उघडून, रिकाम्या सीटला सॉरी म्हणते. तिचा काडीचा दोष नसताना.

मी म्हटलं, टर्मिनल बघून घ्या आधी.

परवा रविवारी ती घरी आली. एकटीच, स्वतः गाडी चालवत. दुपारचे साडेबारा झाले असतील, मधुवंतीने श्रीखंड केलं होतं. मी पायरीवर उभा होतो. रुचाने गाडी गेटाशी लावली, उतरली, आणि माझ्याकडे न येता आधी वळसा घालून मागच्या डाव्या दाराशी गेली. दार उघडलं आणि बाजूला उभी राहिली. काही घाई नाही, कोणी बघतंय याची लाज नाही. वयस्कर माणसाला उतरताना धरतो तसा तिने एक हात पुढे केला होता.

गाडी थोडीशी हलली. पुन्हा थोडीशी हलली. मग मागची डावी बाजू वर आली.

रुचाचा हात तसाच पुढे होता, आणि आता त्याच्यावर काहीतरी भार आहे असा तो किंचित खाली गेला होता. ती हळूहळू एक एक पाऊल टाकत गेटातून आत यायला लागली. कोणाच्या तरी चालीने चालत होती. पायऱ्यांपाशी थांबली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, दुसरा हात धरा ना. पायऱ्या आहेत."

माझे पाय हलले नाहीत.

रुचा वाट बघत उभी होती. तिच्या शेजारी, हातभर जागा सोडून... कोणी नव्हतं. मला तिथे कोणीच दिसलं नाही, हे मी शपथेवर सांगतो. पण तिथून कोणीतरी माझ्याकडे बघत होतं. रागाने बघत असतं तर मी सहन केलं असतं. गाडीचा फार त्रास झाला ना रे तुला, असं फोनवर विचारताना आत्या जशी बघत असेल, तसं बघत होतं.

मी वळलो आणि आत जाऊन न्हाणीघराचं दार लावून घेतलं. नळ सोडला. बाहेर रुचाचा आवाज येत होता. ती कोणाला तरी सांगत होती, "हळू, आजी. हां, अजून एक पायरी आहे."

मी तिला अजून सांगितलेलं नाही. त्या दिवशीही नाही, कालच्या फोनवरही नाही.

म्हणून इथे लिहितो आहे, आणि मराठीत लिहितो आहे. रुचा हिंदी शाळेत शिकली. घरात मराठी बोलते, पण वाचायची सवय नाही, चार ओळी वाचल्या की सोडून देते. एवढं लांबलचक ती वाचणार नाही, हे मला माहीत आहे. म्हणजे कबुली द्यायलासुद्धा मी अशी जागा शोधली, जिथे ती पोचणार नाही.

यातली नावं मी बदललेली नाहीत. तुमच्यापैकी कोणी इंदूरचं असेल, रुचाला ओळखत असेल, तर तिला एवढं वाचून दाखवा. माझ्याने होत नाही.